येसूची गाढवं आणि महाराज

भोरखेडच्या बाजारात परमुलखाचं मडकं स्वस्त आणि गावचं महाग, ही गोष्ट राजे गजेंद्ररावांना फार झोंबली. परमुलखाचा व्यापारी नावेत मडकी भरून आणायचा, थेट बाजाराच्या घाटावर उतरवायचा आणि दुपारपर्यंत विकून पसार व्हायचा. शेजारी कुंभारवाडीच्या बाया दुपटीहून जास्त भाव सांगून माश्या मारत बसायच्या.

राजांनी कुंभारांसाठी काही केलं नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. चांगलं भरभरून केलं होतं. गावची मडकी परमुलखाच्या तोडीची व्हावीत म्हणून प्रधान अप्पाजीपंतांनी कुंभारवाडीपासून बाजारापर्यंतच्या दोन कोसांत पाच तपासणी नाके बसवले होते. प्रत्येक नाक्यावर एक तपासनीस आणि त्याच्या हातात दांडकं. एकेक मडकं ठोकून बघायचं, पक्कं निघालं तर पुढे सोडायचं. पाचही जण इमानदार, जीव तोडून ठोकायचे.

एवढं करूनही भाव उतरेना म्हटल्यावर राजांचं डोकं फिरलं. त्यांनी कुंभारवाडीवर हुकूम धाडला. येत्या बुधवारी तुमचं मडकं नावेतल्या मडक्याहून स्वस्त विकलं गेलं पाहिजे, नाहीतर बाराही घरांनी मडकी भाजायचे आवे कायमचे विझवायचे आणि त्या व्यापाऱ्याच्या नावेवर हमाली धरायची.

वाडीत चुली पेटल्या नाहीत. म्हातारेकोतारे चाकाशी बसून डोळे पुसू लागले. येसू कुंभारीण तेवढी उठली. नवरा मडकी घडवायचा, ही विकायची, आणि तोंडाने अशी फटकळ की सासूही हिला वचकून असायची. ती तडक दरबारात गेली आणि म्हणाली, स्वस्त विकते, पण माझी एक अट आहे. त्या दिवशी घरापासून बाजारापर्यंत माझी गाढवं महाराजांनी स्वतः हाकायची.

पंतांच्या अंगाचा तिळपापड झाला. महाराजांनी गाढवं हाकायची म्हणजे काय, या बाईला शुद्ध आहे का, असं ते बराच वेळ ओरडले.

"घाबरू नका, पंत," येसू म्हणाली. "महाराज रोज एवढा दरबार हाकतात. त्यामानाने माझी गाढवं ऐकण्यातली आहेत."

सगळ्या दरबाराला एकदम खोकला आला. राजे लालबुंद झाले, पण नाही म्हणावं तर गाढवंसुद्धा हाकता येत नाहीत असं गावभर व्हायचं. त्यांनी अट मान्य केली.

बुधवारी सकाळी राजे धोतर खोचून कुंभारवाडीत हजर झाले. पाच गाढवं, प्रत्येकावर वीस मडकी. पुढचं गाढव अडून बसलं. राजांनी त्याला आधी फर्मावलं, मग दरडावलं, आणि शेवटी हात जोडले, तेव्हा कुठे ते हललं. मागून दरबारी मंडळी मान खाली घालून चालत होती.

पहिल्या नाक्यावरच्या तपासनिसाने सवयीने दांडकं उगारलं. मग गाढवामागे कोण आहे ते पाहिलं आणि दांडकं पाठीमागे लपवून मुजरा केला. दुसऱ्याने त्याच दांडक्याने आपली पाठ खाजवल्यासारखं केलं. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे कमरेत वाकले. मडक्याला बोट लावायची कुणाची छाती झाली नाही. आपल्या राज्यात बंदोबस्त काय चोख आहे, म्हणून राजे खूश झाले.

बाजारात येसूने नावेतल्या मडक्याहून कमी भाव पुकारला. दुपारच्या आत शंभरही मडकी संपली आणि परमुलखाचा व्यापारी तोंड वासून बघत राहिला. राजांना राहवेना. माती बदललीस की आवा, असं त्यांनी विचारलं.

"माती तीच, आवा तोच आणि गाढवंही तीच, महाराज. फक्त हाकणारा बदलला. एरवी घरून शंभर निघतात आणि पाच दांडकी खाऊन बाजारात चाळीस पोचतात. फुटलेल्या साठांचा भाव त्या चाळिसांवर चढवायचा नाही तर कुणावर?"

पंत घाईने पुढे आले. ही तपासणी कुंभारांच्याच भल्यासाठी आहे, पक्कं मडकं ठोकल्याने फुटत नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं.

"पंतांचं डोकंही पक्कं आहे," येसू म्हणाली. "घरी जाताना पाचही नाक्यांवर तपासून घेऊ या का?"

पंतांचा हात आपोआप पगडीवर गेला. ते पाहून राजांना असं हसू फुटलं की पोट धरून ते तिथेच, गाढवाशेजारी, खाली बसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "बाई, जिंकलीस. माग काय हवं ते."

"दोनातलं एक द्या, महाराज. पाचही नाके उठवा, नाहीतर दर बुधवारी गाढवं हाकायला या."

राजांनी फोड आलेल्या आपल्या पायांकडे एकवार पाहिलं. मग हातातलं सोन्याचं कडं काढून येसूला दिलं, आणि दिवस मावळायच्या आत पाचही नाके उठले.