रोबोच्या पोटावरचे ओरखडे

हत्यारं आणि यंत्रं आपसात बोलत, त्या काळची ही गोष्ट. शाळेच्या रोबो क्लबातली नववीची शाल्मली आपला जुना रोबो घेऊन तिसरीच्या वर्गात आली. तिने त्याच्या वायरी सोडवल्या आणि वर्गातल्या नाझियाला पुन्हा जोडायला सांगितल्या. नाझियाने जोडून बटण दाबलं, तर रोबो जागच्या जागी गरागरा फिरू लागला. वर्ग हसला. नाझियाचे डोळे भरून आले.

शाल्मलीच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर चुळबुळला. एका चाकाच्या वायरी उलट लागल्या होत्या. त्याच्या दृष्टीने ते चुटकीसरशी होणारं काम होतं. पण शाल्मलीने त्याला नाझियाच्याच हातात दिलं. तिथे तो सारखा घसरू लागला.

"ही माझं टोक झिजवणार," तो रोबोपाशी कुरकुरला.

रोबो म्हणाला, "माझ्या पोटावर हे ओरखडे कोणी काढले? तूच ना? तेव्हा शाल्मली एवढीशीच होती. तिच्या हातातून तुला कोणी काढून घेतलं नाही, म्हणून मी आज आहे."

स्क्रू ड्रायव्हर त्या घामेजल्या मुठीत नीट बसला.

थोड्या वेळाने रोबो निघाला, तो सरळ शाल्मलीच्या पायांशी जाऊन थांबला.