दोराचा म्होरक्या

एका गावात एक विहीर होती आणि त्या विहिरीला एक खोड होती. दर उन्हाळ्यात तिच्या तळाचा झरा गाळाने बुजायचा. झरा होता एका कपारीत आणि कपार इतकी अरुंद की तिथे सडपातळ माणूसच शिरू शके. दोराला बांधलेल्या फळीवर बसून ते माणूस सहा पुरुष खोल उतरायचं, टोपल्या भरभरून गाळ वर पाठवायचं आणि झरा मोकळा करून वर यायचं. तेव्हा कुठे गावाला पावसापर्यंत पाणी पुरायचं.

त्या दोराचे काही नियम होते. वर आठ जण ओळीने उभे राहत, पण भार एकानेच पेलायचा, सर्वांत पुढच्याने. त्याला दोराचा म्होरक्या म्हणत. मागच्यांनी दोर नुसता मुठीत ठेवायचा, कारण दोघांनी दोन तऱ्हांनी ओढलं की फळी हिंदकळून विहिरीच्या दगडावर आदळते. म्होरक्याची पकड ढिली पडू लागली की त्याने मोठ्याने म्हणायचं, "सुटतंय!" लगेच मागचा भार घेई आणि पुढचा बाजूला होई. यात कमीपणा नव्हता. आणखी एक नियम म्हणजे खाली उतरणाऱ्याच्या घरच्या माणसाने म्होरक्या व्हायचं नाही. घरच्या माणसाचं लक्ष दोरावर राहत नाही, ते विहिरीत जातं.

वीस वर्षं दादबा म्होरके होते. गेल्या उन्हाळ्यात काम झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर दोर खाली ठेवला. "मनगटाला कंप सुटतोय माझ्या. पुढच्या वर्षी दुसरा बघा," एवढं म्हणाले आणि पान लावत बसले. कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही.

विहिरीत उतरायची ती सगुणा. बारावी शिकलेली, बांध्याने काडी, चार वर्षांच्या मुलीची आई. गाव तिला धीट समजे. तिला मात्र स्वतःचं खरं माहीत होतं. फळीवर बसली की तिच्या मनात हिशोब सुरू व्हायचे. दूध झाकलंय का? मंजूच्या कानाला टोपरं आहे का? आपण वर आलोच नाही, तर या पोरीची वेणी कोण घालणार? तिचा बाप मारुती घालील, पण वाकडी घालील. असं सगळं पुटपुटत ती उतरायची आणि तळ लागला की मुकाट्याने कामाला लागायची. लोकांना फक्त ते काम दिसायचं.

त्या वर्षी देशाची निवडणूक आली. शिडी चिन्हाच्या पक्षाचे नेते बलभद्रजी आणि जात्याच्या पक्षाचे तेजपालजी. दोघांपैकी एकालाही गावाने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण गिरणीसमोर दोघांची रोज मापं निघत.

तालमीत वाढलेला सर्जेराव शिडीवाला. तो म्हणे, "आमच्या साहेबांच्या सभेला पाच लाख माणूस!"

गिरणीवाला पांडबा जात्याचा. "आमच्या सभेला सात!"

"बलभद्रजी एका दमात दोन तास बोलतात."

"तेजपालजी अडीच."

दादबा पान चघळत म्हणायचे, "ऐकून किती वेळ घेतात, तेवढं विचारून ठेवा रे कुणीतरी."

पण ते विचारायला कुणाला वेळ नव्हता. हळूहळू माणसं वाटली गेली. शिडीवाले पांडबाच्या गिरणीत दळण टाकेनात, शेजारच्या गावी नेऊ लागले. आणि मग भांडण दोरापर्यंत आलं. नवा म्होरक्या कोण? सर्जेराव म्हणाला, मी. पांडबा म्हणाला, मी. शिडीचा माणूस पुढे उभा राहिला तर जात्याचे चार जण दोराला शिवणार नव्हते. जात्याचा राहिला तर शिडीचे चार.

असे आठ दिवस गेले. विहिरीतून घागरीमागून घागर गढूळ येऊ लागली. बाया पाणी फडक्यातून गाळून मुलांना पाजू लागल्या.

मारुती बायकोला म्हणाला, "यंदा तू उतरू नकोस. हे वर एकमेकांकडे बघत बसतील आणि तू खाली लटकशील."

"मग कपारीत कोण शिरणार? तुम्ही? खांदे बघा जरा आरशात," सगुणा म्हणाली. बोलली खरी, पण त्या रात्री तिने दूध दोनदा झाकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मंजूला कडेवर घेऊन गिरणीसमोर गेली. दोन्हीकडचे लोक जमलेले होते. आवाज नीट निघेल की नाही याची तिला खात्री नव्हती, म्हणून ती गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच बोलली.

"म्होरक्या मी निवडणार. दोराला मी बांधलेली असते."

दादबा म्हणाले, "वाजवी आहे. ज्याचा जीव, त्याचं मत."

सगुणाने परीक्षा सांगितली. तिच्या वजनाचं वाळूचं पोतं दोराला बांधायचं आणि विहिरीत मध्यावर लोंबतं धरायचं. ती पोरीला भात भरवून होईपर्यंत.

गिरणीच्या काट्यावर तिचं वजन झालं. "बेचाळीस किलो," पांडबाने सांगितलं.

"त्यात चार किलो नुसती काळजी असेल," सगुणा म्हणाली. बाया हसल्या.

पहिला सर्जेराव आला. त्याने पोतं सोडलं, मध्यावर रोखलं, पाय रोवले. मागे त्याचे लोक दोर मुठीत घेऊन उभे होते आणि ओरडत होते, "शिडी! शिडी!" सगुणा विहिरीच्या कट्ट्यावर बसून मंजूला भरवत होती. मंजू एक घास गालात ठेवून सगळी गर्दी न्याहाळत होती. तिला घाई नव्हती. अर्धी वाटी झाली. सर्जेरावाच्या मानेची शीर फुगली, दंड थरथरू लागले. मागचे ओरडतच होते. सर्जेरावाने ओठ आवळून धरले होते. एवढ्या लोकांत, आणि समोर पांडबा उभा असताना, तोंडातून तो शब्द काढायचा कसा? एकाएकी दोर त्याच्या मुठीतून सर्रकन निघाला, मागच्यांच्या तळव्यांना चटके देत गेला आणि खाली पोतं धप्पकन फुटलं.

जात्यावाल्यांनी टाळ्या पिटल्या. "शिडी घसरली हो!"

मग पांडबा आला. सगुणाने वाटी पुन्हा भरून घेतली. त्याला तर सर्जेरावापेक्षा एक घास जास्त टिकायचं होतं. मंजूचा भात संपत आला, पांडबाचे गुडघे लटपटू लागले. आता तो बोलेल, असं सगुणाला वाटलं. त्याने तोंड उघडलं, सर्जेरावाकडे पाहिलं आणि परत मिटलं. शेवटचा घास उरला होता तेव्हा दुसरं पोतंही पहिल्याच्या शेजारी जाऊन पडलं.

"दोर ओला होता!" पांडबा लगेच म्हणाला. "सर्जाच्या घामाने ओला केला होता."

"ओला होता तर धरण्याआधीच का नाही बोललास?" शिडीवाले उसळले. पुन्हा जुंपली.

सगुणा भाताच्या वाटीत बघत बसली. आधीच गाळ, त्यात या शहाण्यांनी दोन पोती वाळू ओतली होती. ते पोतं आपण असतो, हा विचार तिने मनातून काढायचा प्रयत्न केला. निघाला नाही. वाटलं, मंजूला उचलावं आणि सरळ घरी जावं. गढूळ तर गढूळ पाणी. गाळून पिऊ.

तेवढ्यात सर्जेराव तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे तळवे सोलून निघाले होते. मागे गलका चालूच होता, म्हणून त्याला आवाज चढवावा लागला. तो सगळ्यांना ऐकू गेला.

"सगुणाताई, दोर कोरडा होता. माझी पकड सुटली. सुटणार हे मला चांगलं दहा श्वास आधी कळलं होतं. मी बोललो नाही. लाज वाटली."

गलका थांबला. त्याच्याच बाजूचा एक जण पुटपुटला, "अरे, पक्षाची तरी लाज राखायचीस."

सगुणाने वाटी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले. "तुम्हीच धरा," ती म्हणाली.

"याने? याने तर टाकलं पोतं!" पांडबा ओरडला.

"पोतं दोघांनीही टाकलं. पण मी खाली असताना म्होरक्याचं काय चाललंय ते मला कसं कळणार? जो आज बोलला, तो उद्याही बोलेल. दहा श्वास आधी बोलला की झालं."

सर्जेरावाने तोंड फिरवून डोळे पुसले. मग म्हणाला, "धरतो. पण माझ्या लगेच मागे पांडबाच पाहिजे."

आता चकित व्हायची पाळी पांडबाची होती. "मी? का?"

"माझी पकड कधी सुटते याच्यावर तुझ्याइतकं डोळ्यांत तेल घालून लक्ष कोण ठेवणार? माझे लोक घोषणा देत बसले होते. तू माझ्या मनगटाकडे बघत होतास."

लोक हसले. पांडबाही हसला, जरा उशिरा आणि जरा ओशाळून. मग सर्जेरावाच्या मागे जाऊन उभा राहिला. चार शिडीचे आणि चार जात्याचे, अशी ओळ लागली. मारुतीला नियमाप्रमाणे लांब पिंपळाखाली बसवलं आणि मंजूला त्याच्या मांडीत दिलं.

सगुणा फळीवर बसली. दूध झाकलंय. टोपरं आहे. ती उतरू लागली. निम्म्यात वरून स्पष्ट आवाज आला, "सुटतंय!" तिने डोळे घट्ट मिटले. फळी तसूभरही हलली नाही. वर पांडबाने भार कधी घेतला ते तिला कळलंसुद्धा नाही.

तिने आधी वाळू काढली आणि वाळू काढताना दोघांनाही चार शब्द सुनावले. विहिरीत आवाज घुमतो, त्यामुळे ते सगळ्या गावाने ऐकले. मग ती कपारीत शिरली. उन्हं कलली तेव्हा तिच्या बोटांना गार धार लागली. वर आली ती डोक्यापासून पायांपर्यंत चिखलात माखलेली. मंजूने तिला ओळखलंच नाही, भोकाड पसरलं. सगुणा मात्र हसत होती. त्या दिवशी गावात जो तो मान जरा ताठ करूनच चालत होता.

चार दिवसांनी शिडीवाल्यांची जीप आली. प्रचारकाने बलभद्रजींचे गुण सांगितले, चांगला तासभर. सांगून झाल्यावर दादबांनी विचारलं, "तुमच्या साहेबांनी कधी 'सुटतंय' म्हटलंय का?"

प्रचारकाला अर्थ सांगावा लागला. तो छाती काढून म्हणाला, "आमच्या साहेबांचं कधी काही सुटतच नाही!"

सर्जेराव त्यांच्याच बाजूचा. तोच पुढे झाला. "मलाही माझ्याबद्दल तसंच वाटत होतं, साहेब. माझ्या पोत्यातली वाळू या ताईंनी टोपल्यांनी वर काढली."

दुसऱ्या दिवशी जात्याची जीप आली. तोच प्रश्न. हा प्रचारक म्हणाला, "थोडंफार सुटलं असेल, पण ते आधीच्या लोकांमुळे."

पांडबा मान खाली घालून म्हणाला, "म्हणजे दोर ओला होता."

दोन्ही जीप गेल्यावर गाव पुन्हा गिरणीसमोर बसलं. या खेपेला मापं निराळी निघाली. आपल्या नेत्याचं कुठे चुकलं आणि तेव्हा तो काय बोलला, हे ज्याने त्याने आपलं आपण सांगायचं, असं ठरलं. जुनी वर्तमानपत्रं निघाली. लोकांना आठवणी काढाव्या लागल्या आणि त्या काढताना जड गेलं. दोघांच्याही झोळीत एखाद-दुसरं 'सुटतंय' सापडलं आणि ओले दोर बरेच सापडले. कुणाचे किती, ते ज्याने त्याने मनात ठेवलं. भांडण संपलं असं नाही. पण शिडीवाल्यांचं दळण पांडबाच्या गिरणीत परत आलं.

मतदानाच्या दिवशी गावात एकही माणूस घरी राहिलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीलाही दोन्ही पक्षांच्या पोरांनी मिळून खाटेवरून आणलं. सगुणा बाहेर आली तेव्हा तिच्या बोटावर शाई होती. मंजू ती पुसून बघत होती. पुसली जाईना.

दादबांनी विचारलं, "काय सगुणा, कुणाला दिलंस?"

"दोर दिला, दादबा," ती म्हणाली. "बरोबर दिला की नाही, देव जाणे. मला आपली कायम शंका. पण आता काठावरून हलायचं नाही."

निकाल लागला. दोघांपैकी एक नेता हरला, आणि सर्जेराव-पांडबांपैकी एकाचं तोंड उतरलं. संध्याकाळी तो दुसऱ्याच्या दारी गेला, त्याने पेढा घेतला आणि म्हणाला, "धरा म्हणावं तुमच्या साहेबांना. आम्ही मागे उभे आहोत. सुटायला लागलं तर वेळेवर बोला म्हणावं. नाही बोलले, तर आम्ही ओरडू."

दुसरा हसून म्हणाला, "ओरडच. त्यासाठीच तर तू मागे पाहिजेस."

तात्पर्य: ज्याच्या हाती आपला दोर द्यायचा त्याचं बळ जरूर पाहावं, पण पकड सुटू लागली की तो ते कबूल करतो का, हे त्याहून आधी पाहावं. आणि दोर दिल्यावर आपण काठावरून हलू नये.