लाँगचा दुसरा अर्थ

देवखिंडच्या महाराजांना इंग्रजीचं भारी वेड. सूनबाई इंदुमती लग्न होऊन आल्या, तेव्हाच महाराजांनी ठरवून टाकलं की इंग्रजीची परीक्षा पास झाल्याशिवाय सुनेनं माहेरी जायचं नाही. माहेर घाटाखाली, समुद्रकाठी. जेवताना खारा वारा आल्याचा नुसता भास झाला, तरी इंदुमतींचा घास हातातच राहायचा.

परीक्षा घ्यायला विलायतेत शिकलेले दिवाण रंगोपंत ऐटीत बसले. चार मानकरीही जमले होते.

"लाँग हा शब्द घालून वाक्य सांगा, राणीसाहेब."

"माय मदर्स हाउस इज व्हेरी लाँग."

रंगोपंत खो खो हसले. "महाराज, यांना घर दूर आहे असं म्हणायचंय. मराठीतलं लांब तसंच उचललं! लाँग म्हणजे लांबीला मोठं. राणीसाहेब, ते घर आहे की दोरखंड?"

सगळेच हसले.

"दोरखंडच म्हणा, दिवाणजी," इंदुमती म्हणाल्या. "रोज ओढतोय. पण लाँगचा दुसरा अर्थ तुम्ही सांगितलाच नाहीत."

"कोणता?"

"आस लागणं. आय लाँग फॉर माय मदर. यात काही चूक आहे?"

रंगोपंतांनी वाक्य मनात उलटंपालटं करून पाहिलं. शेवटी पुटपुटले, "नाही."

"मग मामंजी, मी पास झाले ना?" इंदुमती महाराजांकडे वळल्या.

महाराज उठून उभे राहिले. मग म्हणाले, "गाडी जोडायला सांगा. आणि सूनबाई, परतायची घाई करू नका."