दरीवरचा दोर

ऐका बरं. फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या वेळच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येणार नाही.

एका दरीपलीकडे डोंगरातली वाडी होती. दरीवरचा दोरांचा पूल कुजून तुटला आणि वाडी एकटी पडली. मीठ मिळेना, वैद्य येईना. दोर वळणारं वाडीत कुणी उरलं नव्हतं. शेवटी सोनकी नावाच्या मुलीला सगळ्यांनी लांबच्या वाटेनं खालच्या गावी धाडलं. "शिकून ये पोरी, नाहीतर येत्या पावसात आमचं काही खरं नाही."

खालच्या गावात तात्या नावाचा म्हातारा मुलांना दोर वळायला शिकवी. पण त्याची बोली वेगळी, सोनकीची वेगळी. म्हणून त्यानं तिला येसूच्या जोडीला बसवलं. येसूची आई डोंगरातली, त्यामुळे तिला दोन्ही बोली येत. वर ती सगळ्यांत हुशार.

येसू मनानं चांगली, पण भारी उतावळी. तात्यानं सोनकीला काही विचारलं की उत्तर येसू देई. सोनकीचा पीळ सुटला की येसू तिच्या हातातून दोर ओढून घेई आणि नीट करून देई. तात्या खूश, येसू खूश. सोनकी गप्प. आणि गप्प माणसाला सगळं समजलंय, असं आपण खुशाल धरून चालतो.

परीक्षेत ज्यानं त्यानं एकट्यानं दोर वळून त्याला धोंडा टांगायचा, अशी तिथली रीत. सोनकीचा दोर तुटला. लोक म्हणाले, "हिच्या डोक्यात काही शिरत नाही. परत पाठवा."

सोनकी जागची हलली नाही. आपल्या बोलीत म्हणाली, "मी शिकल्याशिवाय जाणार नाही. वाडी माझी वाट बघतेय."

येसूनं ते सगळ्यांना सांगितलं, आणि सांगता सांगता तिलाच रडू कोसळलं. चूक कुणाची, हे तिला उमगलं होतं.

तात्या तिला म्हणाला, "उद्यापासून हात मागे घेऊन बसायचं. तू फक्त विचार. सांगायचं तिनं, करायचं तिनं."

"पण तात्या, तिला तुमची बोली येत नाही."

"मग आधी तिच्या बोलीत सांगू दे. तुला कळते ना?"

बसली बाई येसू हात मागे घेऊन. जीव तुटत होता, पण बसली. "आता काय करशील? असंच का?" एवढंच विचारी. सोनकी आधी आपल्या बोलीत सांगे, मग अडखळत तात्याच्या. पीळ सुटला की उलगडून पुन्हा वळी. बोटं सोलली, तरी थांबली नाही. पुढे नवी मुलं आली, तेव्हा तात्यानं ती सोनकीच्याच हवाली केली. त्यांना समजावता समजावता तिचा स्वतःचा हात पक्का बसला.

मग सोनकी वाडीत परतली. तिनं सगळ्यांना त्यांच्याच बोलीत शिकवलं आणि पावसाच्या आधी दरीवर पूल उभा राहिला. पण पहिलं पाऊल टाकायला कुणी धजेना.

तेव्हा खालच्या गावाहून पूल बघायला आलेली येसू अलीकडच्या काठावरून पुढे झाली. "या दोराला माझा हात लागलेला नाही," ती म्हणाली, "म्हणून तर मला याचा भरवसा आहे." आणि सरळ चालत पलीकडे गेली.

तात्पर्य: सोबत्याला शिकवायचं तर आपला हात आवरावा आणि त्याला बोलू द्यावं.