मारुतीच्या गळ्यातली दोरी

"पण आक्के, मी काय शेळी हाय व्हय, दाव्याला बांधून घ्याया?"

रणज्यानं विचारलं आणि हातातली तांबडी दोरी गरागरा फिरवली.

बनाआक्का धक्क्यावर बसून शेंगा फोडत होती.

तापोळ्याच्या पाण्यावर आक्कासारखी बोट हाकणारं दुसरं माणूस नाही. धुकं पडलं, पुढचं काही दिसेना, की बाकीचे देवाचं नाव घेतात आणि आक्का नुसतं नाक वर करून धक्का शोधते. वारं सुटलं की बाकीच्यांच्या बोटी माकडासारख्या उड्या मारतात. आक्काची देवळातल्या कासवासारखी गपगार.

आणि हीच बाई, बोट हातभर पुढं सरकवायची असली तरी ती तांबडी दोरी मनगटात घालणार. म्हणजे घालणारच.

दोरीचं एक टोक चावीशेजारच्या खटक्यात, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटात. माणूस बोटीतून उडाला की दोरीला हिसका, खटका बाहेर, इंजिन गप. किल स्विच म्हणतात त्याला.

रणज्या आक्काचा चेला. चेला म्हणजे सगळं शिकून झालेला, असं त्याचं त्याचंच मत. आज पहिल्यांदा एकट्यानं पाशिंजर न्यायचे होते. एक जोडपं आणि त्यांची बारकी पोरगी टपरीवर चहा पीत थांबले होते. आक्का हो म्हणाली तर बोट रणज्याची. नाही म्हणाली तर अजून एक मोसम लोकांच्या लाइफ जॅकेटची बकलं लावत बसायचं.

"पोरं हसत्यात, आक्के. आक्काची शेळी आली म्हणत्यात."

"हसू दे."

"आन् मी पडत न्हाय. आजवर पडलोय का? सांग की."

"न्हाय."

"मग?"

"चल, एक फेरी मार," आक्का उठली. "बगू दे मला. दोरी लाव मातूर."

रणज्या टुणकन बोटीत, मागनं आक्का. जॅकेट चढवलं, खटका बसवला. आणि दोरीचं दुसरं टोक? ते त्यानं स्टिअरिंगपुढं चिकटवलेल्या पितळी मारुतीच्या गळ्यात अडकवलं.

"लावली!"

आक्कानं मारुतीकडं बघितलं. मग रणज्याकडं.

"ह्याच्या गळ्यात?"

"देव हाय आक्के. आपल्यापरीस भारी सांभाळंल."

"खरं हाय," आक्का म्हणाली. "समुद्र वलांडलाय त्यानं."

जिरली म्हातारीची, रणज्याला वाटलं. शीळ घालतच त्यानं बोट काढली.

चालवली मात्र झकास. खोटं कशाला बोला. मधोमध गेल्यावर वेग कमी करून त्यानं एक पाय सीटवर टाकला, एका हातानं स्टिअरिंग पार वळवलं आणि गोल वळण घेत मागं बघितलं... कसं?

"लई ब्येस," आक्का म्हणाली.

मग शेंगा पदरात बांधल्या, लुगडं जरा वर खोचलं आणि साठी उलटलेल्या त्या बाईनं रणज्याच्या ढुंगणावर अशी सणसणीत लाथ घातली, की हिरो थेट पाण्यात.

धपाक!

रणज्या वर आला तो शिव्या जुळवतच. पण शिवी तोंडातच राहिली.

बोट थांबली नव्हती. स्टिअरिंग वळलेलं तसंच होतं. बोट लांब गेली, गोल फिरली... आणि त्याच्याकडंच यायला लागली.

"आक्केऽऽ! चावी फिरव!"

आक्का मागच्या सीटवर डोक्यावर पदर घेऊन, दोन्ही हातांनी कठडा धरून बसली होती.

"अगं बया! ड्रायव्हर कुठं गेला वं?"

"मस्करी नगं आक्के! बंद कर ती!"

"मला काय कळतंय दादा! मी म्हाबळेश्वर बगून हितं फिराया आलीया!"

बोट बाजूनं सूंऽ करून गेली. परत वळली. या खेपेला आणखी जवळून. रणज्या डावीकडं पोहला, तर ती डावीकडंच आली. जणू वास लागलाय.

आपली बोट त्यानं खालून कधी बघितलीच नव्हती. वरनं कशी नटवी दिसायची. खालून नुसतं टोक. टोकामागं पांढरा फेस, आणि फेसात पंखा. कालच त्या पंख्यात अडकलेलं जाळं त्यानं स्वतः काढलं होतं. जाळं कसलं... चिंध्या.

"मारुतीराया..." त्याच्या तोंडातून निघालं.

आक्का उठली. पुढं आली. मारुतीला आधी हात जोडले. मग त्याला धरून हिसक्यासरशी उपटला.

खट.

इंजिन गप. सगळं पाणीच गप झाल्यासारखं वाटलं. बोट आपल्या भारानं हळूहळू आली आणि गोठ्यातल्या म्हशीनं तोंड लावावं तसं तिनं रणज्याच्या खांद्याला टोक लावलं.

आक्कानं मारुती वर धरला.

"तू पडलास, हिला पत्ता न्हाय. ह्याला पाडला, तवा थांबली."

रणज्या कसाबसा वर चढला. त्यानं मारुतीच्या गळ्यातली दोरी सोडवली. आपल्या मनगटात घातली. खटका बसवला. सांगावं लागलं नाही.

रणज्यानं बोट धक्क्याकडं वळवली. आक्काच्या शेंगा तेवढ्या कट् कट् वाजत होत्या.

चहा संपवून ते तिघं धक्क्यावर येऊन उभे होते. बाईंनी रणज्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. अंगातून धारा लागलेल्या.

"हेच चालवणार का? आणि हे एवढे भिजले कशानं?"

रणज्याच्या जिभेवर थापा तयार होत्या. उकडत होतं, पोहत होतो, कुणाची तरी टोपी काढत होतो... थापांत त्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

त्यानं आक्काकडं बघितलं. आक्का शेंगेतला खवट दाणा थुंकत होती.

"पडलो," रणज्या म्हणाला. "बोटीतनं."

बाईंनी पोरीचा हात घट्ट धरला. नवऱ्यानं शेजारच्या बोटीकडं मान वळवली. शेजारचा बोटवाला लगेच हसत पुढं आला.

"आजी," बाईंनी विचारलं, "हे नेहमी पडतात का हो?"

"न्हाय. कालपत्तोर कवाच न्हाय."

"मग आज...?"

आक्कानं पदर झटकला. टरफलं पाण्यात उडाली. तिनं पोरीला काखेत धरून उचललं आणि रणज्याच्या बोटीत नेऊन बसवलं.

"बसा बाई. काल म्या बसू दिलं नसतं."