शर्यत सांगायचा मक्ता

नदीकाठच्या एका माळावर नांदुर्कीचं जुनं झाड होतं, आणि त्या झाडाच्या ढोलीत एक साळुंकी, तिचा नवरा आणि त्यांची तीन पिल्लं राहत असत. नवऱ्याचा पंख वादळात दुखावला होता. पिल्लांना अजून पिसं फुटायची होती. म्हणजे बघा बाळांनो, खाणाऱ्या चोची पाच आणि आणणारी चोच एकच. तरी साळुंकी कधी कुरकुरली नाही. देवाने तिला गळा दिला होता, आणि त्या गळ्यावर तिचं घर चाललं होतं.

ते कसं, तर ऐका. पळस फुलला की त्या माळावर खेळ सुरू होत, ते थेट बहावा पिवळा होईपर्यंत चालत. ससे, मुंगसं, हरणं आणि खारी यांची तरणी पोरं एकमेकांशी पळत, उड्या मारत, बिळात आधी कोण शिरतो याची चढाओढ लावत. ज्यांना यायला जमत नसे त्यांच्यासाठी साळुंकी शेंड्यावर बसून सारा खेळ मोठ्याने सांगे. कोण पुढे गेलं, कोण घसरलं, कोणाच्या आईने भीतीने डोळे मिटून घेतले, काही म्हणून सोडत नसे. बाळंतीण सशिणी बिळात पडल्या पडल्या ऐकत. डबक्यातलं म्हातारं कासव मान बाहेर काढून ऐके, आणि आवडता गडी हरला की मान आत घेई. या सांगण्याच्या बदल्यात मुंगसं साळुंकीला नाकतोडे आणून देत, हरणं पाठीवर बसवून गोचिड टिपू देत, खारी पिकली उंबरं आणून देत. सगळ्यांचं बरं चाललं होतं.

त्या माळावर एक रीतही होती, दुसरीकडे कुठे नसेल अशी. शर्यत संपली की हरलेल्याच्या आत्याने पुढे यायचं आणि जिंकलेल्याला एक टोमणा मारायचा. तो चांगला सणसणीत हवा. जिंकलेल्याच्या आईने त्याला उत्तर द्यायचं. मग सगळ्यांनी पोट धरून हसायचं आणि त्यानंतरच जिंकलेल्याच्या गळ्यात पळसफुलांची माळ घालायची. टोमण्याआधी माळ नाही, हा नियम. हरणारा रडत घरी जाऊ नये आणि जिंकणारा फुगून जाऊ नये, म्हणून जुन्यांनी घालून दिलेली ही रीत होती. वर्षभर आत्याबाई मनात टोमणे जुळवत बसत.

एकदा काय झालं, एक पोपट हे सगळं ऐकून डोंगरापलीकडच्या मोठ्या रानात गेला. पोपटाची जात, जे ऐकलं ते जसंच्या तसं बोलणार. त्याने तिथे एका शर्यतीचं सांगणं, त्यातल्या आरडाओरडीसकट आणि टोमण्यांसकट म्हणून दाखवलं, तर ते अख्खं रान झाडाखाली गोळा झालं. तिथला मुख्य होता एक अस्वल. तो म्हणाला, रोज असं ऐकायला मिळालं तर मी मधाचं पोळं देईन.

ही गोष्ट एका कोल्ह्याच्या कानी गेली आणि तो दुसऱ्या दिवशी माळावर हजर. तिथली पंच होती एक वयस्क हरणी. तिच्यापुढे त्याने कंदमुळांची रास ओतली, वर मधाचं पोळं ठेवलं आणि गोड आवाजात सांगितलं, "हरणीकाकू, खेळ तुमचेच. फक्त सांगायचा मक्ता मला द्या. हंगामभर ही अशी रास रोज तुमच्या दारात. अट एकच, माळावर काय झालं ते मी नेमलेल्याशिवाय कोणी तोंडाने बोलायचं नाही."

हरणीने विचारलं, आमचा खेळ आम्हीच बोलायचा नाही, हे कसं? कोल्हा म्हणाला, "अहो, फुकट ऐकायला मिळालं तर मध कोण देईल? चार दिवस गप्प बसायचं, त्यात काय मोठंसं?"

मध समोर असला की गप्प बसणं सोपं वाटतं. सशांनी मान डोलावली, खारींनी डोलावली, मुंगसांनी पोळ्याचा वास घेत घेत डोलावली. हरणीने मक्ता दिला आणि नांदुर्कीच्या बुंध्यावर खूर ठेवून शब्द दिला. वर ढोलीत साळुंकी बसली होती. तिला विचारावं हे कोणाच्या मनातही आलं नाही.

कोल्ह्याने सांगायला एक कावळा नेमला आणि माळापासून डोंगरापर्यंत झाडाझाडावर पोपट बसवले. कावळा बोलेल ते पहिला पोपट बोलणार, त्याचं ऐकून दुसरा, असं करत करत ते पलीकडच्या रानात पोचणार. कावळा मोठा शिस्तीचा. तो सांगे, ससा धावला. मुंगूस धावलं. ससा पोचला. संपलं. आणि उरलेला वेळ तो माळावर फिरून कोण बोलतंय ते बघे. एका सशिणीचा लेक हरणाच्या पाडसापेक्षा लांब उडी मारून आला, तर ती बिळात धाकट्यांना कौतुकाने सांगू लागली. कावळा बिळाच्या तोंडाशी चोच घालून म्हणाला, बाई, हे आमचं आहे. सशीण वैतागली, पण शब्द दिलेला. मग बघणारे तोंडात गवताचा बोळा कोंबून बसू लागले, न जाणो, तोंडून "अरे पळ" निघून गेलं तर. आणि टोमणेही बंद. टोमण्यातसुद्धा खेळाची गोष्ट येतेच, असं कावळ्याचं म्हणणं. टोमणा नाही म्हणून माळही नाही. जिंकलेले तसेच रिकाम्या गळ्याने घरी जात आणि माळा पळसाखाली सुकत.

साळुंकीचं मात्र खरंच अवघड झालं. सांगणं गेलं तसे नाकतोडेही गेले, उंबरंही गेली. शेजारी वाईट नव्हते हो, पण शरमेने ते त्या झाडाखालून जायचंच टाळू लागले. ती दिवसभर वणवण करून जे आणे ते धाकट्या पिल्लापर्यंत पोचता पोचता संपून जाई. एकदा नवरा म्हणाला, "तू पोरांना घेऊन दुसऱ्या गावाला जा. मला उडता येत नाही, माझ्यासाठी अडकू नकोस."

साळुंकी म्हणाली, "पोरांना तरी कुठं उडता येतंय? गप बसा, आणि पंखाखाली घ्या त्यांना." पण मनातून तीही घाबरली होती. आणखी थोडे दिवस असेच गेले तर धाकटं पिल्लू वाचत नाही, हे तिला दिसत होतं.

अशात ससे आणि मुंगसांची मोठी शर्यत आली. सगळा माळ जमला, तोंडात बोळे, नुसती डोळ्यांची उघडझाप. एक तरुण ससा आणि एक तरुण मुंगूस असे काही पळाले की धुरळ्यातून कोण पुढे ते कळेना, आणि शेवटी अगदी केसभर अंतराने सशाने रेघ ओलांडली. कावळा म्हणाला, ससा पोचला. संपलं.

पण ससा काही जाईना. बिचारा नवा गडी, पहिल्यांदाच जिंकलेला. लहानपणापासून त्याने बघितलं होतं की जिंकलं की माळ मिळते. तो मान पुढे करून उभा राहिला. उभाच राहिला. समोर हरलेल्या मुंगसाची आत्या बसली होती, साऱ्या माळात जिभेची तिखट. तिने सशाकडे बघितलं, त्याच्या लांबलचक कानांकडे बघितलं, आणि तिचे गाल फुगायला लागले. तिने बोळा दातांनी घट्ट धरला. डोळ्यांत पाणी आलं. शेजारणीने तिचा पंजा दाबला. पण वर्षभर जुळवलेला टोमणा, बाळांनो, तो गवताच्या बोळ्याने थांबतो होय? बोळा फुर्रकन उडाला आणि आत्याबाई बोलल्या, "अरे सशा, तू कसला जिंकलास? आधी तुझे कान पोचले, तू आपला मागून आलास. माळ घालायची तर कानांना घाला."

मग सशाच्या आईनेही बोळा काढून टाकला. "घालू की कानांना. पण आत्याबाई, तुमच्या पोराचं शेपूट अजून वाटेतच आहे. ते पोचलं की आम्हाला कळवा."

झालं. एकदम सगळ्या माळाचे बोळे उडाले. महिन्याभराचं साठलेलं हसू बाहेर पडलं, हरणीकाकूंनाही खूर टेकवत नव्हता. कावळा ओरडत होता, गप्प बसा, गप्प बसा, पण ऐकतं कोण? आणि शेंड्यावरच्या साळुंकीला राहवेना. तिने गळा मोकळा केला आणि पहिल्या धुरळ्यापासून शेवटच्या शेपटीपर्यंत सारी शर्यत सांगून टाकली. डबक्यातून कासवाची मान वर आली. पहिल्या पोपटाने ते सगळं उचललं, दुसऱ्याने त्याच्याकडून, आणि ते टोमणे, ते हसू, तो साळुंकीचा आवाज झाडाझाडावरून डोंगरापलीकडे गेला.

कोल्हा धावत आला, तो लालबुंद होऊन. शब्द मोडला म्हणाला, आता कंदमुळं बंद, मध बंद. हरणी पुढे झाली आणि शांतपणे म्हणाली, "घेऊन जा बाबा तुझा मध. आमची चूक झाली. तो गिळताना आमची तोंडंच शिवली गेली."

कोल्हा पाठ फिरवणार तोच पलीकडच्या रानाचा निरोप घेऊन एक पोपट उतरला. अस्वलाने कळवलं होतं की कावळ्याचं ऐकून ऐकून आमचं रान झोपी जायला लागलं होतं. ऐकायला कोणी येईना, उद्यापासून मी मध बंदच करणार होतो. पण आज बऱ्याच दिवसांनी आम्ही पोटभर हसलो. ती आत्या आणि ती सांगणारी रोज ऐकू येणार असतील तर दुप्पट मध, नाहीतर एक थेंबही नाही.

कोल्ह्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि लगेच दुसरा चढला. कोल्हाच तो. त्याने नांदुर्कीखाली जाऊन मान वर केली आणि मऊ आवाजात साळुंकीबाईंना हाक मारली. खेळ कावळ्याऐवजी तुम्हीच सांगा, म्हणाला.

साळुंकीने नवऱ्याकडे बघितलं, पिल्लांकडे बघितलं. मग म्हणाली, "सांगते. पण मक्ता कोणाचाच नाही, माझासुद्धा नाही. ज्याला जे बोलायचं ते तो बोलेल. तुमचे पोपट ते पलीकडे पोचवतील, त्या कष्टाचं तेवढं तुम्ही घ्या. बाकीचं माळाचं."

सगळा माळ बघत उभा होता. कोल्ह्याला हो म्हणावंच लागलं. कावळ्याला त्यांनी रेघ राखायचं काम दिलं, शिस्तीचा होता म्हणून, आणि ते त्याला छान जमलं. सशाच्या गळ्यात माळ पडली. एक जास्तीची माळ आत्याबाईंनी हट्टाने त्याच्या कानांत अडकवली.

त्या दिवसापासून नांदुर्कीखाली पुन्हा वर्दळ सुरू झाली. मुंगसं नाकतोडे घेऊन आली, खारी उंबरं घेऊन आल्या, आणि माळाच्या वाट्याच्या मधातून पहिलं पोळं हरणीने साळुंकीच्या ढोलीत पोचवलं. धाकट्या पिल्लाने तर असा ताव मारला की त्याची चोच चिकटून बसली आणि थोरल्यांना ती सोडवावी लागली. हळूहळू नवऱ्याचा पंख बरा झाला. बहावा फुलला तेव्हा तिन्ही पिल्लं आईबापांच्या मागोमाग ढोलीतून बाहेर पडली, आणि डोंगर ओलांडून जिकडे जातील तिकडे त्यांना झाडांवरून हाक येई, "अहो, या, शर्यत सांगणाऱ्या साळुंकीचीच ना तुम्ही पोरं? आधी खाऊन घ्या."

तात्पर्य : गंमत सगळ्यांच्या तोंडाने मोठी होते, तिला जो एकट्याची करायला जातो, त्याच्या हाती नुसता मक्ता राहतो आणि गंमत निघून जाते.