खाटेच्या पायथ्याशी

“पिशवीत काय नव्हतं?”

खैरनार सरांनी हे विचारलं तेव्हा परागला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. पिशवीत काय होतं ते तो मघाशीच सांगून मोकळा झाला होता.

भर दुपारची वेळ. दवाखान्याच्या तातडीच्या विभागात तिसऱ्या खाटेवर द्वारकाबाई होत्या. वय सत्तरच्या पुढे, दोन दिवस उलट्या, आणि नाडी मिनिटाला अडतीस. पुतण्याने घरातली औषधं पिशवीत घालून आणली होती. ती तपासणं परागचं काम. विद्यापीठात पहिला येऊन तो इथे फार्मासिस्ट म्हणून लागला त्याला चार महिने झाले होते. नर्सबाई त्याला ‘पहिला नंबर’ म्हणूनच हाक मारायच्या, आणि त्यातली टोचणी त्याच्या लक्षात येत नसे. टेबलाशी बसून त्याने सहाही औषधं पाहिली, एकमेकांशी ताडून बघितली, आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं की औषधांत दोष नाही.

मग दोष हृदयातच असणार. मोठ्या शहराला न्यायला गाडी मागवली गेली. रस्ता चार तासांचा. एवढ्या मंद नाडीवर म्हातारी तिथवर पोचेल का, हे कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

“जे नव्हतं ते मी कसं सांगणार, सर?”

सर म्हणजे एकतीस वर्षं याच विभागात काढलेला फार्मासिस्ट. ते शिकवत नसत, नवी मुलं नुसती त्यांच्या मागे फिरत. ते उठून तिसऱ्या खाटेकडे चालू लागले आणि पराग मागोमाग गेला. त्या खाटेपाशी तो पहिल्यांदाच जात होता.

बाई पायथ्याकडे बघत होत्या. एकटक.

“कोण आलंय, आक्का?”

“आमचे हे.”

पुतण्या परागच्या कानाशी लागला. काकांना जाऊन तीन महिने झाले होते.

“कसे दिसतात?” सरांनी विचारलं. एखाद्याची तब्येत विचारावी तसं.

“पिवळे... हळदीच्या दिवशी होते तसे.” बाई थांबल्या. “भिंतपण पिवळी झालीय. तुम्हीपण.”

डोळ्यांपुढे सगळं पिवळं करणारं एक औषध त्याला पाठ होतं. हृदयाचं औषध. जास्त झालं तर नाडी बुडवणारं. पण ते पिशवीत नव्हतं. त्याने दोनदा पाहिलं होतं.

सरांनी भिंतीजवळचं स्टूल उचललं, खाटेच्या पायथ्याशी ठेवलं आणि पाहुण्याला वाट द्यावी तसे दोन पावलं मागे सरले.

परागला हसू येणार होतं. आलं नाही. बाईंची नजर हळूहळू खाली उतरत होती, उभा माणूस बसताना उतरावी तेवढी, आणि स्टुलाच्या हातभर वर येऊन ती थांबली.

...

“काय म्हणतात?” सरांनी विचारलं.

“रोज तेच. माझी घेतलीस का.”

“मग? घेतली का?”

“सकाळीच.”

बाईंनी कमरेची चंची चाचपून सोडली. सुपारीच्या तुकड्यांत गोळ्यांची एक पट्टी होती, चार उरलेल्या. परागने नाव वाचलं. तेच औषध.

नवऱ्याला अकरा वर्षं रोज सकाळी ही गोळी त्या स्वतः तळहातावर ठेवून द्यायच्या. तो गेला त्या सकाळी गोळी त्यांच्याच हातात राहिली. टाकवेना, म्हणून गिळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पट्टी संपली तेव्हा त्याचीच जुनी चिठ्ठी दुकानात दाखवली, आणि दुकानदाराने कुणासाठी ते विचारलं नाही.

पराग धावतच डॉक्टरीणबाईंकडे गेला. गाडी थांबवली. रक्त तपासायला गेलं, नाडी उचलणारं इंजेक्शन दिलं, छातीला तारा लावून बाईंना तिथेच नजरेखाली ठेवलं. चार वाजेपर्यंत नाडी बावन्नवर आली होती. जिवावरचं संकट सरलं नव्हतं, पण काय करायचं ते आता ठाऊक होतं.

परत आला तेव्हा परागची मान खाली होती. निदान एवढं तरी आपण नीट करावं म्हणून त्याने बाईंना समजावलं, की ही गोळी आजपासून बंद. ती अंगात साठली होती, म्हणून नाडी बुडाली आणि म्हणूनच यजमान दिसत होते.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चंचीवरची मूठ आवळली.

“म्हणजे हे आता येणार नाहीत?”

बाईंची नजर पुन्हा पायथ्याकडे गेली... तिथून हलेना.

“पराग,” सर म्हणाले, “हे अंगातून उतरायला किती दिवस लागतील?”

“या वयात... मूत्रपिंडंही थकलेली.” त्याने मनात हिशेब केला. “आठेक दिवस.”

सर खाटेवर वाकले.

“आठ दिवस आहेत, आक्का. बोलून घ्या.”